आग्नेल सरांची छत्री

उमेळ्याच्या आग्नेल सरांनी गुरुवारी घरावर डिशची छत्री बसवली आणि गावातल्या केबलला रामराम ठोकला. केबलची वायर नारळी-पोफळींवरून आलेली. वर कावळा बसला की खाली टीव्हीत मुंग्या. छत्रीचं चित्र मात्र कसं स्वच्छ. केबलवाल्या ॲन्सेल्मला सरांनी स्वतः जाऊन सांगितलं, "वायर कापून टाक बाबा." सर कुठलीही गोष्ट एकदाच ठरवतात आणि मग आठवडाभर निस्तरत बसतात.

रविवारी चर्चचा सण होता. सणाच्या मिस्सेतलं, म्हणजे मोठ्या प्रार्थनेतलं, बायबलचं पहिलं वाचन यंदा प्रथमच सरांना मिळालं होतं. त्यांची आई सालोमी तीन महिन्यांपूर्वी घसरून पडली होती. हाड जुळलं, पण धास्ती जाईना; डॉक्टरांनी कितीही सांगितलं तरी बाई पलंगावरून पाऊल खाली टाकत नव्हती. "मी हितूनच बगीन तुला टीव्हीत," ती म्हणाली, आणि सर भरून पावले.

चर्चमध्ये ॲन्सेल्म कॅमेरा लावताना दिसला, तेव्हा कुठे सरांच्या डोक्यात प्रकाश पडला. सणाची मिस्सा फक्त ॲन्सेल्मच्या केबलवर दिसायची. छत्रीवर दीडशे चॅनेल होते, पण त्यांत उमेळे नव्हतं.

"वायर कापलीस?" सरांनी घाबरत विचारलं.

"सणाच्या आधी मी कुनाची वायर कापत नाय, सर. बारा वर्षांत नाय कापली."

सरांना त्याला मिठीच मारावीशी वाटली. "देव तुझं भलं करो."

"पन टीव्हीला पिन कुठली लावलीय? केबलची, का छत्रीची?"

पिन छत्रीची होती. केबलची टीव्हीमागे लोंबकळत होती, घरी आई एकटी होती आणि झाडून सगळं गाव चर्चमध्ये. तेवढ्यात घंटा वाजली. सर वाचायला उभे राहिले ते रडवेल्या तोंडाने.

घरात शिरताना त्यांनी बायकोला, लूर्डसला, पुढे केलं. सालोमी टीव्हीसमोर खुर्चीत बसली होती.

"एक अख्खी ओळ खाल्लीस," ती म्हणाली.

"आय, पिन कोणी बदलली?"

"मी. दुसरं कोन होतं घरात?"

तीन महिने ज्यावर नुसते टॉवेल वाळत होते, तो वॉकर टीव्हीशेजारी उभा होता. सरांनी पलंगापासून टीव्हीपर्यंतचं अंतर डोळ्यांनी मोजलं आणि त्यांना हुंदका आवरेना. डॉक्टर, फादर, सून, सगळे जिथे हरले, तिथे ही बाई लेकाच्या एका वाचनासाठी चालून गेली होती. धन्य ती माउली. सरांनी स्वतःच्या हाताने तिच्यासाठी चहा टाकला.

सोमवारी ॲन्सेल्म आला. "सण झाला, सर. कापू वायर?"

"हात लावू नकोस."

"मग छत्री काढनार?"

"तीही राहील."

तेव्हापासून सकाळची प्रार्थना केबलवर आणि संध्याकाळची मालिका छत्रीवर. पिन बदलायची वेळ झाली, की घरातल्या सगळ्यांना एकदम बाहेरची कामं निघतात. सर तर वाडीत केळीआड उभे राहून, जीव मुठीत धरून, खिडकीतून बघत असतात.

"आग्नेल," आतून आवाज येतो, "तिथं उभा राहून डास चावून घेऊ नकोस. मी पडनार नाय."