कथेतला विधुर आणि घरातली कुंदा

गोष्ट खरी वाटायला हवी ना? मग ती 'मी' म्हणून सांगा! हे माझं ठाम मत. त्र्याऐंशी साली एका दिवाळी अंकात मी असाच एक विधुर रंगवला. पहिलंच वाक्य: 'माझी बायको गेली, त्या दिवशी नळाला पाणी आलं नव्हतं.' झकास!

इतकं झकास, की वसुबारसेच्या सकाळी ऑफिसातला गुणाजी विक्रोळीहून आमच्या मुलुंडच्या घरी येऊन थडकला. घराला रंग द्यायचा म्हणून मी आठवडाभर रजेवर, त्यात ही कथा. त्याने दोन्हींची बेरीज केली. हातात पिठलं-भाताचा डबा. सुतकाच्या घरी चूल पेटत नाही ना!

दार कुंदाने उघडलं. कपाळावर कुंकू, हातात झारा.

"वयनी? तुमी... हय?" गुणाजीने भिंत धरली.

"मग कुठे असू?"

त्याने कुठे ते सांगितलं. वर पिशवीतला अंकही काढून दिला.

कुंदाने कथा उभ्याउभ्या वाचली. आत चकल्यांचा कोळसा होत होता. पण सांगायची बिशाद कुणाची!

"अगं, कथेतला मी म्हणजे मी नव्हे. तो निवेदक!"

"हो का? मग त्या निवेदकाला बशीत चहा ओतून भुरके मारायला कुणी शिकवलं?"

"ते आपले तपशील..."

"मला मारलंत ते मारलंत! पण तिसऱ्या परिच्छेदात चहा? मला उचललं तरी होतं का तोवर?"

गुणाजीने मान डोलावली. "ता माका पन खटाकला."

"मी चालले मालाडला, दादाकडे! माझी बाजू छापून येईपर्यंत या घरात पाऊल टाकणार नाही!"

ऐन दिवाळीत! मी घाईघाईने नवी कथा खरडली. यात 'मी' म्हणजे बायको. 'माझा नवरा म्हणजे देवमाणूस...' मालाडला जाऊन वाचून दाखवली.

कुंदा आणखीच भडकली. "हे कोण बोलतंय? मी? ह्या जन्मात?"

मग कागद माझा, पेन माझं आणि तोंड तिचं. मी निमूट लिहीत गेलो. मधूनमधून दादाही भर घालत होता!

संपादक चंद्रप्रकाशांनी ती कथा एका दमात वाचली आणि माझ्या हातात परत ठेवली. "भाषा फर्मास! पण नवरा इतका निरुपयोगी असतो, हे वाचकांना पटणार नाही हो."

मालाडला जाऊन मी हे चाचरत सांगितलं. कुंदाने तडक पिशवी भरली, चपला घातल्या.

"येतेस घरी?" मी हरखलो.

"येते. संपादकांना रविवारी जेवायला बोलवा. पटेल!"