सरकारी डुकरिणीचं सोयर

"इंग्रजी कुणाला येतं?" असं वीरभद्रप्पा साहेबांनी विचारलं आणि मी हात वर केला. तेवढंच केलं हो मी!

पोलीस ॲक्शन होऊन निजामी संपल्याला पाच-सहा वर्षं होऊन गेली होती, तरी आमच्या कचेरीत सगळी उर्दू मिसली, म्हणजे फायली, वाचणारी मंडळी. इंग्रजी मॅट्रिकपर्यंत (दोनदा) शिकलेला मी एकटाच. मला वाटलं, बढती आली. आली डुकरीण! विलायती, पांढरीधोप, गाभण, आणि सोबत इंग्रजी पुस्तिका. खजुरी गावच्या सरकारी पैदास केंद्रात तिला ठेवलं आणि मला इनचार्ज केलं. सात वर्षं मी हंगामी कारकून. साहेब म्हणाले, "जयतीर्थराव, सगळी पिलं जगली तर नोकरी कायम. कामात कसूर दिसली, तर घरी बसा."

ऐन पौषात एका सकाळी ती व्याली. एक, दोन करता करता बारा! तिथला राखणदार सिद्धप्पा जन्मभर डुकरं पाळलेला. मी पुस्तिकेतून वाचेपर्यंत तो करून मोकळा.

"नाळेला टिंचर लावा."

"लावलं."

"पिलांना ऊब द्या."

"शेगडी पेटवलीया."

"लवकरात लवकर पहिलं दूध पाजा."

"मग काय करायलेत ती? बघा की डोळे उघडून!"

आपलंही काही कर्तृत्व असावं म्हणून शेवटच्या पिलाची नाळ मी हट्टानं कापली आणि ऐटीत घरी सांगायला गेलो. आमचे अप्पा, रामाचार्य, ओसरीवर पंचांग उघडून बसलेले.

"डुक्कर म्हणू नकोस," अप्पा गरजले. "वराह म्हण! साक्षात देवाचा अवतार. नाळ कुणी कापली?"

"मी."

"मग तू घरचाच झालास. दहा दिवस जन्माचं सोयर. उंबरा ओलांडायचा न्हाई."

"पण अप्पा, मी राहू कुठं?"

"बाळंतिणीपाशी."

आतून नलिनीनं, म्हणजे आमच्या कुटुंबानं, माझी वळकटी लांबूनच अंगणात फेकली. नेम चांगला आहे तिचा.

झालं! मी डुकरिणीच्या खोलीत राहायला गेलो. रोज दुपारी नलिनी कुंपणापाशी डबा ठेवायची आणि विचारायची, "बाळंतीण कशी हाय?" मी कसा आहे, हे दहा दिवसांत एकदाही नाही!

डुकरीण आडवी होताना मागं बघत नाही, पिलू अंगाखाली चेंगरतं. पिलांना निसटायला जागा राहावी म्हणून भिंतीकडेनं बांबू बांधला होता, तरी माझा जीव थाऱ्यावर नसे. बारावं पिलू अगदीच किडकिडीत. पुढच्या आचळांना दूध जास्त, म्हणून दर तासाला त्याला उचलून पुढं लावायचं आणि भावंडांनी ढकललं की परत लावायचं. नवव्या दुपारी मी त्याला पोटाशी धरून पिलांच्या भुशात जो कलंडलो, तो साहेबांच्या आवाजानंच जागा झालो. ड्युटीवर झोपलेला कारकून! मी डोळे गच्च मिटले.

साहेबांचा चष्मा वाटेत जीपच्या हादऱ्यानं फुटला होता. (देव आहे!)

"दहा, अकरा, बारा... सिद्धप्पा, हे एवढं मोठं काय?"

"पिलूच हाय साहेब."

"एवढं?"

"पुढच्या आचळाला पितंय की!"

साहेबांनी वाकून माझी शेंडी चिमटीत धरली. "शेपूट या टोकाला कामून?"

"विलायती जात हाय साहेब."

"ओरडत न्हाई ते?" म्हणत त्यांनी कुशीत छडी खुपसली. मी ओरडलो. पुस्तिकेत आवाजाबद्दल काही नव्हतं, जमेल तसं ओरडलो.

"आवाज बसलाय," साहेब म्हणाले. "ओव्याची धुरी द्या. आणि इनचार्ज कुठं हायत?"

"पिलांसाठीच राबायलेत साहेब."

त्यांनी शेरा मारला, 'पिलं तेरा, सर्व जिवंत.' पुढच्या महिन्यात मोजणी झाली, भरली बारा. एक कमी कसं, याचा लेखी खुलासा मागवला. मी आठ दिवस जेवलो नाही.

"खरं काय ते लिहून टाका," नलिनी म्हणाली. "काय खातील तुम्हाला?"

लिहिलं. झोपल्यापासून ओरडल्यापर्यंत सगळं लिहिलं आणि वळकटी बांधून ठेवली. पंधरवड्यानं हुकूम आला:

'खुलासा मान्य. तेराही पिलं जिवंत असल्यानं जयतीर्थराव यांना कायम करण्यात येत आहे. मात्र तेरावं पिलू खाण्याच्या मानानं अंग धरत नसल्यानं, त्याचं वजन दर सोमवारी कळवावं.'