बत्ताशाचे उपवास

कल्याणराव बोलायला लागले की समोरच्याने नुसती मान हलवायची, असा अंबडमध्ये रिवाजच पडला होता. त्यांचं बी-बियाण्यांचं दुकान. कुंभार पिंपळगावच्या निम्म्या शिवाराला कपाशी सोडायला लावून आपणच मोसंबीवर आणलं, हे ते गिऱ्हाइकाला सांगत, गिऱ्हाइकाच्या सोबत्याला सांगत आणि दुकानात कोणीच नसलं तर तराजूला सांगत. असल्या माणसापुढे मुठीत मावणाऱ्या पाखराची काय कथा!

पाखरू म्हणजे बत्ताशा. त्यांच्या लेकीने, अर्पिताने पाळलेला हिरवागार, लाल तोंडाचा लव्हबर्ड. अजून पोरसवदाच होता, पण सूर्यफुलाच्या बिया आणि राळे सोडून कशालाही चोच लावत नव्हता. डॉक्टरांनी बजावलं होतं, बिया हळूहळू कमी करून पालेभाजीवर आणा, नाहीतर लिव्हरवर चरबी चढेल. आणि नेमकी अर्पिताची जालन्याला परीक्षा आली.

"पप्पा, मी येईस्तोवर जमंल का तुम्हाला? न्हाई तं साक्षीकडं देते त्याला कायमचा. माझ्या मैत्रिणीला पाखरांचं बराबर समजतं."

"साक्षीकडं? बिलकुल न्हाई!" कल्याणराव गरजले. "अख्खं शिवार बदललं मी. तू येशीन तव्हा मेथी खाताना दिसंल बघ!"

या गरजण्यामागे कारण होतं. रोज संध्याकाळी बत्ताशा त्यांच्या खांद्यावर बसून मिशी ओढत असे. शिवाय घरात त्यांचं बोलणं शेवटपर्यंत ऐकून घेणारा तो एकटाच होता. तो साक्षीकडे गेला तर आपण बोलायचं कुणाशी?

पण 'हळूहळू' हा शब्द कल्याणरावांना कधी मानवलाच नव्हता! दुसऱ्याच दिवशी बियांची बरणी कपाटात कुलूपबंद झाली. वाटीत मेथी, कोबी आणि मोड आलेली मटकी. बत्ताशाने वाटीकडे बघितलं, कल्याणरावांकडे बघितलं आणि पाठ फिरवून बसला.

"कल्याणा, लेकरू उपाशी ऱ्हाईल रे," त्यांची आई तुळजाबाई कळवळली.

"भूक लागली की खाईल, माय! तू काळजी करू नको." आणि ते दुकानात निघून गेले.

संध्याकाळी येऊन बघतात तर वाटी जशीच्या तशी आणि बत्ताशा टुणटुणीत! दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशीही तेच. कोबी सुकला, मटकीचे मोड वाटीबाहेर लोंबायला लागले, पण पाखरू झोक्यावर कसरती करतंय! शेवटी कल्याणरावांनी त्याला दुकानात नेऊन तराजूवर बसवलं. वजन चक्क वाढलेलं!

"हा हवेवर जगून राह्यला का काय?" त्यांनी बायकोला, दैवशालाला विचारलं.

"तुमच्या गप्पांनीच पोट भरत असंल त्याचं," ती मेथी निवडता निवडता म्हणाली.

डॉक्टरांना फोन केला. तेही गोंधळले. म्हणाले, तराजू तपासा. कल्याणरावांनी तराजू तपासला. तराजू ठीक होता, पण तो तपासताना बघून दोन गिऱ्हाइकं माल न घेताच निघून गेली.

अर्पिता यायच्या आदल्या दिवशी ते दुपारीच घरी आले, तर दाराशी बायकांच्या चपलांचा ढीग! आत बायका खाली माना घालून बसलेल्या. गेला बत्ताशा! आपल्या हट्टापायी गेला! त्यांनी तिथेच हंबरडा फोडला.

"अहो, वरडता काय?" दैवशाला बाहेर आली. "बत्ताशा जेवून राह्यला ना!"

आत पाटावर पिंजरा, पिंजऱ्याला कुंकू, आणि शेजारच्या प्रभावतीकाकू तळहातावर भगर घेऊन बसलेल्या. बत्ताशा कटाकटा दाणे फोडत होता.

"पयल्या दिशी एकादशी व्हती," तुळजाबाई कौतुकाने सांगू लागली. "पाल्याला तोंड लावीना, पण भगर धरली तं लगेच खाल्ली! दुसऱ्या दिशी प्रदोष. मंग शनिवार. मंग आयतवार. मंग सोमवार. एक वार सोडीना बघ!"

"माय, भगर म्हंजे बीच की गं!"

"बी शेतात पेरतेत," तुळजाबाई ठामपणे म्हणाली. "भगर उपासाला खातेत."

बायका निघून गेल्यावर त्यांनी रडवेल्या आवाजात पुन्हा डॉक्टरांना फोन लावला.

"थव्यातलं पाखरू आहे ते," डॉक्टर म्हणाले. "घरचे खातात ते खातं. त्याच्यासमोर बसून तुम्ही पाला खा."

कल्याणरावांचा घरोबा चौकातल्या जिलेबीशी. पालेभाजी त्यांनी आजवर फक्त शेळीच्या तोंडात बघितली होती! पण उद्या अर्पिता येणार होती. ते पिंजऱ्यासमोर गुडघे टेकून बसले, दार उघडलं आणि डोळे मिटून कच्ची मेथी चावायला लागले. निम्मी जुडी संपली, डोळ्यांत पाणी आलं. तेवढ्यात खांद्यावर नखं रुतली. बत्ताशाने मान वाकवून त्यांच्या ओठांतलं पान धरलं, कुरतडलं आणि खाल्लं! मग दुसरं! कल्याणरावांना इतका आनंद झाला, की डोळ्यांतलं पाणी खरोखरचं झालं.

नेमक्या प्रभावतीकाकू विसरलेली वाटी न्यायला दारात आल्या. "कल्याणभाऊ! तुम्ही बी नेम धरला का? नुसत्या पाल्याचा?"

बोलावं तर पान पडणार, पाखरू उडणार. कल्याणरावांनी मान हलवली.

दुसऱ्या दिवशी अर्पिताने ते दृश्य बघितलं आणि टाळ्याच पिटल्या. "ऱ्हाऊ द्या पप्पा, इथंच ऱ्हाऊ द्या याला! पण तुम्ही आधी खाल्ल्याबगर तो खात न्हाई. आता रोज खायचं बरं का!"

पुढच्याच आठवड्यात काकूंच्या मुलीचा, शालूचा साखरपुडा झाला. पंगतीत गरमागरम जिलेबी आली. कल्याणरावांनी ताट पुढे सरकवलं, पण वाढपी त्यांना नमस्कार करून पुढे गेला! मागून काकू स्वतः झाकलेलं ताट घेऊन आल्या.

"तुमचं येगळं काढून ठिवलं, भाऊ. आमच्याच्यानं नेम मोडायला नको."

ताटात धुऊन पुसून ठेवलेली मेथीची जुडी होती. कल्याणरावांनी आशेने दैवशालाकडे बघितलं. ती जिलेबी खाण्यात गर्क होती. त्यांनी मुकाट्याने एक पान तोंडात घेतलं, अर्धं बाहेर ठेवलं आणि सवयीने खांद्याकडे मान तिरकी करून थांबले. अख्खी पंगत हात थांबवून बघत राहिली.