चुकलेल्या मापाची डाय

माझ्या हातातली पाटली गोल नाही, हे मला लग्नानंतर चार वर्षांनी मेश्रामकाकांनी सांगितलं. हुडकेश्वरला आम्ही नुकतेच राहायला आलो होतो. शेजारी ओळख करून घ्यावी म्हणून मी चिवड्याचा डबा घेऊन गेले, तर काकांनी चिवड्याकडे पाहिलंही नाही. खिशातून मायक्रोमीटर काढला, पाटलीला तीन ठिकाणी लावला आणि म्हणाले, "सराफानं तुले अंडं देलं वं, मास्तरीणबाई."

मी शाळेत गणित शिकवते. मला कुणी माप शिकवलेलं खपत नाही. तणतणत घरी आले, पाटली काढून फूटपट्टीवर धरली, तर मेला माणूस खरं बोलत होता.

काकांनी तीस वर्षं काडतुसांच्या कारखान्यात, टूलरूममध्ये, म्हणजे साचे नि हत्यारं घडवायच्या खात्यात, काढली होती. रिटायर झाल्यावर मागच्या पडवीत एक जुना लेथ, एक वाइस आणि पेटीभर कानशी एवढा संसार मांडला होता. दार कुरकुरलं तर आपण तेल सोडतो. काका आधी बिजागरीचं माप घेत. कपाची कड वाकडी म्हणून चहा बशीतून पीत. आणि कुठं काही बिघडलं की एकच वाक्य: "हत्यार खोटं बोलत नाई, हात बोलते." हात अर्थात दुसऱ्याचा. स्वतःचा हात चुकल्याचं त्यांनी जन्मात कबूल केलं नव्हतं. काकू सांगायच्या, "लग्नाची तारीख इसरले, तवा म्हणे क्यालेंडर चुकीचं छापलं!"

या माणसाला जगात एकच मित्र होता. घाटेसाहेब. दोघं पारशिवनीच्या शाळेत एका बाकावर बसलेले. घाटेसाहेब जंगल खात्यातून निवृत्त झालेले, विधुर, मुलगा दूर नोकरीला. त्यांचा जीव अडकलेला रायफल क्लबात. दर रविवारी दोघं स्कूटरवरून नेमबाजीच्या मैदानावर जात आणि दुपारी भांडत परत येत.

आता थोडं पितळेविषयी. काडतूस उडालं की त्याची पितळी पुंगळी फुगते. नव्या पुंगळ्या सहजी मिळत नसत, म्हणून क्लबचे लोक रीतसर परवाना काढून जुन्याच पुन्हा भरून वापरत. त्यासाठी ती फुगलेली पुंगळी आधी डायमध्ये, म्हणजे पोलादी साच्यात, दाबून मूळ मापाला आणायची. बाळंतपणानंतर जुन्या ब्लाउजात शिरावं तसंच हे, त्यामुळे मला लगेच समजलं. घाटेसाहेबांची डाय काकांनी स्वतः बनवली होती. दाबयंत्र काकांच्या पडवीत होतं, पण हँडल ओढणार घाटेसाहेबच. ज्याची गोळी, त्यानंच पुंगळी करायची, असा त्यांचा हट्ट.

एका सकाळी घाटेसाहेब तरातरा आले आणि मूठभर पुंगळ्या बाकावर ओतल्या.

"तुळशीराम, तुही डाय बिघडली गा. पुंगळी रायफलीत अडकून राहिली. बोल्ट ओढून रायफल बंदच होत नाई."

"माही डाय?" काका असे उठले, जणू कुणी आईवरून बोललं होतं. "तूच भैताड आहेस, वासुदेवा!"

घाटेसाहेब मात्र भांडले नाहीत. खाली बसले. "स्पर्धा पंधरा दिवसांवर आली. थंडीत मी पडून होतो, आता हे. स्पर्धेतही असंच झालं तर रायफल ठाण्यात जमा करून टाकतो. संपलं मंग."

थंडीत त्यांच्या अंगावरून वारं गेलं होतं. पुढं सावरले, चालू-बोलू लागले, स्कूटरही चालवू लागले. ते आजारपण आम्ही सगळे विसरूनही गेलो होतो.

त्यानंतर काकांनी जेवण टाकलं. माझी काजळाची डबी मागून नेली, ती मला आजतागायत परत मिळालेली नाही. पुंगळीला काजळ फासायचं, घाटेसाहेबांच्या रिकाम्या रायफलीत घालून काढायची आणि काजळ कुठं पुसलं ते पाहायचं. ती निमुळती होते तिथंच पितळ चकाकलं. म्हणजे तेवढाच भाग पुरता दबत नव्हता. पण का? बारीक आकडे काकांना आता दिसत नसत, म्हणून ते डायमध्ये माप लावायचे आणि मी वाचायचे. आकडा त्यांच्या जुन्या वहीतल्या आकड्याला तंतोतंत जुळला. मग त्यांनी स्वतः पाच पुंगळ्या दाबल्या. पाचही रायफलीत अलगद बसल्या.

"मंग घाट्याच्याच काहून अडकते?" काका डोकं खाजवत बसले. खरं सांगते, मलाही चैन पडेना. शाळेत फळ्यावर गणित मांडायचे आणि डोक्यात पुंगळी.

चौथ्या दिवशी त्यांनी घाटेसाहेबांना बोलावलं. "दाब, पाहू दे."

घाटेसाहेबांनी हँडल धरलं. ओढलं. पार खाली टेकायला दोन बोटं उरली असताना ते थांबलं. त्यांच्या उजव्या हाताला पुढचा जोरच नव्हता. त्यांनी भिंतीकडे पाहत हँडल वर सोडलं, कपाळावरचा घाम पुसला आणि म्हणाले, "पाह्य! बरोबर दाबली का नाई?"

मला कळलं. काकांना तर माझ्याआधीच कळलं असणार. मला वाटलं, आता ते हत्यार आणि हाताचं वाक्य येतंय.

काकांनी पुंगळी उचलली, उजेडात फिरवली, बराच वेळ फिरवली. मग म्हणाले, "वासुदेवा, डायच फसली गा. माप चुकलं माहं."

"अहो काका, पण आत्ताच तर आपण—"

काकांनी माझ्याकडे असं पाहिलं की शाळेत साठ पोरांना गप्प करणारी मी, गप्प झाले.

पुढच्या आठवड्यात डाय तयार झाली. म्हणजे काय, तर काकांनी ती बाहेरून घासून नव्यासारखी चकचकीत केली. आतल्या मापाला हात लावला नाही. यंत्राला मात्र जुन्यापेक्षा वीतभर लांब नवं हँडल बसवलं.

"हे लांब काहून?" घाटेसाहेबांनी विचारलं.

"जुनं हँडल डायच्या नादानं वाकलं होतं. ओढ आता."

हँडल झरझर खाली गेलं. पार खाली. घाटेसाहेबांनी पुंगळी रायफलीत घातली, बोल्ट कटकन लागला आणि त्यांचं तोंड पोरासारखं फुललं. "तुळशीराम चुकला! बाप्पा, तुळशीराम मेश्राम चुकला!"

त्यांनी ते साऱ्या क्लबला सांगितलं. काकांच्या हाताखाली शिकलेले फिटर हिंगण्याच्या कारखान्यांत होते, त्यांच्यापर्यंत बातमी गेली. चहाच्या टपरीवर लोक काकांना माप विचारून हसायला लागले. काका बशीतला चहा फुंकत ऐकून घेत. स्पर्धेत घाटेसाहेबांचा नंबर आला नाही, पण एकही पुंगळी अडकली नाही, आणि रायफल घरीच राहिली.

मला मात्र राहवेना. एक दिवस कुंपणापाशी गाठून मी काकांना फैलावर घेतलं. "तीस वर्षांचं नाव घालवलंत काका, आणि तेही न केलेल्या चुकीपायी. तुम्हीच का नाही दाबून दिल्या त्यांच्या पुंगळ्या?"

"मी दाबल्या असत्या, तर त्याले समजलं असतं त्याचा हात गेला म्हणून. त्याच दिवशी रायफल जमा केली असती त्यानं."

"केली असती तर केली असती. तुम्ही कुठं बंदूक चालवता?"

काकांनी कुंपणाची ढिली तार पिळून ताठ केली.

"नाई चालवत. तो उडवते, मी बाजूले बसून पुंगळ्या वेचतो. रविवारी दुसरं काय आहे वं मले?"