कावेराबाईचा बलराज

कावेराबाईच्या शेळीचं नाव कमिशनर होतं. गल्लीत येणाऱ्या प्रत्येकाची पिशवी ही शेळी हुंगायची आणि आत काय आहे ते कळल्याशिवाय माणसाला पुढं सोडायची नाही. मग तिला दुसरं काय म्हणायचं, असं कावेराबाईचं म्हणणं. दुसऱ्या शेळीचं नाव वकील. ती कारण नसताना ओरडायची.

ही नावं टीव्हीवरच्या मालिकेतून आली होती, आणि माझं दुखणंही तिथूनच सुरू झालं. कारण त्या वेळी कनेरगाव नाक्यावरच्या आमच्या गल्लीत टीव्ही होता तो एकट्या माझ्या घरात. रंगीत, केबल जोडलेला. कावेराबाईच्या घरात एक मिणमिणता दिवा आणि दोन शेळ्या, एवढंच काय ते.

नाती मला विचारतात, आजी, तू तरुणपणी कशी होतीस गं? मी सांगते, दिसायला बरी होते, स्वभावानं वाईट. त्यांना वाटतं आजी गंमत करते.

मी परभणीची. आमचे मास्तर नाक्याच्या शाळेत, म्हणून मी इथं आले. आणि येऊन गल्लीवर उपकारच केले, अशी माझी बरीच वर्षं समजूत होती. टीव्ही आणला तेव्हा त्याला मी क्रोशाचं झाकण विणलं, वर प्लास्टिकचा मोर बसवला आणि बायकांसाठी सतरंजी अंथरली. बायका आल्या. मी त्यांना पाय धुऊन आत या म्हणाले. एकीच्या ओल्या पायांचा ठसा सतरंजीवर उमटला, तर मी तो तिच्या देखत पुसला. आता आठवलं की स्वतःचाच कान पिळावासा वाटतो, पण तेव्हा यालाच मी टापटीप समजायचे.

मग भारनियमन आलं. रोज संध्याकाळी सातला लाईट जायची ती नऊला यायची. मालिका नेमकी आठची. गावात त्या वेळेला उजेड एकाच ठिकाणी, रस्त्यावरच्या ढाब्यात. तिथं जनरेटर होता, आणि त्या ढाब्यावर भाकरी थापायला कावेराबाई होती. चुलीपुढं बसलं की समोरच्या खांबावरचा टीव्ही तिला नाकासमोर दिसे. म्हणजे टीव्ही माझा, मोर माझा, आणि मालिका हिची.

दुसऱ्या दिवशी दुपारी हापशाजवळच्या लिंबाखाली ती आदल्या दिवशीचा भाग सांगायची. बायका धुणं घेऊन यायच्या. धुणं नसलं तर धुतलेलं पुन्हा घेऊन यायच्या.

मालिका बलराज नावाच्या माणसाची. गर्द विकून हा माणूस मोठा झालेला. बंगला आहे, गाड्या आहेत, पण इज्जत नाही. आता त्याला चारचौघांत बसायचं आहे, कापडाची गिरणी काढायची आहे, दारावर नावाची पाटी हवी आहे. आणि सगळ्यांत जास्त काय हवं, तर सख्ख्या बहिणीनं घरी जेवायला बोलवावं. बहीण त्याचं तोंड बघत नाही. आणि मामू नावाचा जुना मालक त्याला परत त्याच धंद्यात ओढतो.

कावेराबाई सांगायची म्हणजे काय! मामू आला की तिचा आवाज खाली जायचा, पोलीस आले की ती उकिडवी बसायची. गोळी सुटायची तेव्हा ती मांडीवर असा तळवा मारायची की भाकरी परातीत पडल्यासारखा आवाज व्हायचा आणि कमिशनर दचकून दावं ओढायची. ऐन मोक्यावर ती उठायची. म्हणायची, "थांबा, शेळ्यायला पाणी पाजायचं राह्यलं." लगेच दोघी उठून हापसा हापसायच्या. माझ्यासाठी त्या गल्लीत कुणी कधी पेलाभर पाणी उचललं नव्हतं.

तिचं एक ठरलेलं वाक्य होतं. बलराज पुन्हा चुकला की बायका चिडायच्या, मेला बदलायचा न्हाई म्हणायच्या. कावेराबाई हात वर करायची. "सुधरून राहिला बाई तो. येळ द्या त्याला." हे वाक्य ती कशालाही लावायची. दूध नासलं, मास्तरांची स्कूटर किकवर किक मारून चालू होईना, कुणाची सून रुसून बसली, तरी तेच. सुधरून राहिली, येळ द्या.

एकदा मी ठरवलं, हिच्यापेक्षा आपल्याला जास्त कळतं ते दाखवायचं. बायकांचा घोळ चालला होता की बलराज विकतो ती पांढरी पावडर म्हणजे नेमकं काय. एक म्हणाली ढेकणाची असंल, एक म्हणाली तोंडाला लावायची. मी धुण्याची बादली खाली ठेवली आणि परभणीच्या थाटात म्हणाले, "त्यातलाच एक प्रकार असतो. त्याला ब्राऊन शुगर म्हणतात."

"म्हंजे?"

"शुगर म्हणजे साखर. ब्राऊन म्हणजे तांबूस."

गल्लीतली सगळ्यांत म्हातारी म्हणाली, "तांबूस साखर म्हंजे गूळच की वो मास्तरीणबाई. गूळ इकला म्हून पोलीस काहून माघं लागतील?"

बायका इतक्या हसल्या की एकीची चादर नालीत गेली. तेव्हा कावेराबाई म्हणाली, "गांजाची मोठी बहीण समजा. गांजा माणसाला बसवते, ही झोपवते." सगळ्यांना लगेच कळलं. हिला गांजाबद्दल इतकं कसं ठाऊक, हा विचार माझ्या डोक्यात आला नाही. डोक्यात एकच होतं, की हिनं माझी लाज राखली, आणि ते मला लाज जाण्यापेक्षा जास्त झोंबलं.

त्यात आमचे मास्तर. लाईट गेली की ढाब्यावर चहाला जायचे. परत आल्यावर विचारावं काय झालं, तर म्हणायचे, "उद्या कावेराबाईकडनं ऐक. माझ्यानं तसं सांगणं होत न्हाई." वर तिच्या भाकरीचं कौतुक. कशी टम्म फुगते म्हणे. एका संध्याकाळी मी केसांत अबोली माळून ढाब्यावर जाऊन धडकले, यांचं लक्ष टीव्हीकडे असतं की चुलीकडे ते बघायला. मास्तर टीव्हीत इतके बुडाले होते की गार झालेल्या चहाची कपबशी हातात तशीच. मी आलेली त्यांना दिसलेच नाही. दिसले ती कावेराबाईला. पिठाच्या हातानं तिनं पाट सरकवला आणि म्हणाली, "बसा मास्तरीणबाई, मामू येऊन राहिला." मी पूर्ण वेळ नवऱ्याकडे बघत बसले. मामू कधी आला आणि कधी गेला, मला पत्ता नाही. एक मात्र माझ्या नजरेतून सुटलं नाही. बाहेर ट्रक थांबला की कावेराबाईचा हात थांबायचा. उतरणाऱ्याकडे ती मान वळवून बघायची, आणि मग भाकरी उलटायची. मी त्याचा जो अर्थ काढला, तो इथं लिहीत नाही. नाती वाचतील.

त्याच सुमारास मी धाकट्या बहिणीकडे बारशाला हिंगोलीला गेले. तिथं लाईट होती. मांडी घालून मी अख्खा भाग पाहिला. राखीचा दिवस. बलराज मिठाईचा डबा घेऊन बहिणीच्या दारात. बहीण खिडकीच्या पडद्याआडून बघते. तो हाक मारतो. ती दार उघडत नाही. तो डबा पायरीवर ठेवतो आणि जातो.

दुसऱ्या दिवशी दुपारची एस्टी पकडून मी परत आले, तर लिंबाखाली बायका पदरानं डोळे पुसत होत्या. कावेराबाई सांगत होती, की बहिणीनं दार उघडलं, त्याला पाटावर बसवलं, ओवाळलं, आणि समोर बसून जेवू घातलं.

पिशवी हातात तशीच धरून मी उभी राहिले. कमिशनरनं ती हुंगून घेतली. मला इतका आनंद झाला होता म्हणता! बाई चक्क खोटं सांगत होती. पण लगेच बोलले नाही. एवढा मोठा पुरावा आडवारी कसा खर्च करायचा? मालिका संपेल तेव्हा सगळ्यांसमोर हिचं पितळ उघडं पाडायचं, असं मी ठरवलं.

जेवताना मास्तरांना मात्र सांगितल्याशिवाय राहवलं नाही. ते ढाब्यावर रोज बघत होते, त्यांना तर सगळं माहीतच होतं. त्यांनी घास ताटात ठेवला.

"तिला भाऊ हाय, ठाऊक हाय का तुला?"

मी म्हणाले, काहीतरीच. भाऊबीजेला ती चंद्राला ओवाळते, मी दरवर्षी अंगणातून बघते. भाऊ नसलेल्या बायकाच चंद्राला ओवाळतात.

मग त्यांनी सांगितलं. भावाचं नाव गंगाराम. ट्रकवर होता. वसमतकडच्या हळदीच्या पोत्यांत गांजाची पोती घालून नेताना पकडला गेला. शिक्षा भोगून सुटला आणि भाऊबीजेला लुगडं घेऊन बहिणीच्या दारात आला. कावेराबाईचा नवरा तेव्हा होता, त्यानं बजावून ठेवलं होतं. ती कडीला हात लावून आत उभी राहिली. गंगारामनं दोन हाका मारल्या, उंबऱ्यावर लुगडं ठेवलं आणि निघून गेला. परत दिसला नाही. कुणी म्हणतं परमुलखात ट्रक चालवतो. नवरा वारल्यावर कावेराबाईला शेतात मजुरी मिळत होती, पण तिनं ढाब्यावरची भाकरी धरली.

"वाशीम रोडचा दर ट्रक तिथं थांबते," मास्तर म्हणाले आणि हात धुवायला उठले.

एखाद्या भल्या बाईला इथं पाझर फुटला असता. मलाही फुटला, नाही असं नाही. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत टिकला. दुपारी लिंबाखालून हसण्याचा गलका आला, आणि आपल्याकडे कुणी का येत नाही या विचारानं मी पुन्हा पहिल्यासारखी झाले. पुरावा मी जपून ठेवला.

मालिकेचा शेवटचा भाग आला त्या दिवशी दोन अद्भुत गोष्टी घडल्या. कुणी मंत्री विश्रामगृहावर उतरल्यामुळे लाईट गेलीच नाही. आणि कमिशनर व्याली. दोन पिल्लं, पहिलं आडवं आलेलं. कावेराबाई ढाब्यावर गेलीच नाही. गल्लीतल्या निम्म्या बायका तिच्या गोठ्यात कंदील धरून. मास्तर शाळेच्या कामाला हिंगोलीला गेलेले, आणि लाईट राहील असं कुणाला वाटलंच नव्हतं. म्हणजे बलराजचा शेवट आमच्या गल्लीत पाहिला तो मी एकटीनं, मोराच्या साक्षीनं.

मामूला पोलिसांच्या हवाली करून बलराज बहिणीच्या दारात येतो. मामूची माणसं मागावर. तो दार वाजवतो. ती आतून कडीला हात लावते, आणि तशीच उभी राहते. गोळी सुटते. दार उघडतं तेव्हा तो पायरीवर पडलेला.

दुसऱ्या दिवशी दुपारी बायका माझ्या ओट्यावर आल्या. आपण होऊन. सगळ्या. कुणी कुणी पाय धुऊन आली होती. माझं ते जन्माचं स्वप्न होतं. सगळ्यांत पुढं कावेराबाई, हाताला अजून चिकाचा वास.

"मास्तरीणबाई," ती म्हणाली, "तुमी पाह्यलं म्हणे. बलराज गेला व्हता का तिच्याकडं?"

"गेला होता," मी म्हणाले.

"मंग?"

सगळं जिभेवर होतं. हिचं मागचं खोटं, आताचं खरं, एकाच दमात सांगता आलं असतं. बायका माझ्याकडे बघत होत्या, आणि ती माझ्या दाराच्या कडीकडे बघत होती. तिथं बघण्यासारखं काही नव्हतं. साधी लोखंडी कडी.

"मग काय," मी म्हणाले, "उघडलं तिनं दार."

कावेराबाई ओट्यावर बसली. तिनं विचारलं, "काय वाढलं?"

हे मी ठरवलं नव्हतं. तोंडात आलं ते बोलले. "पिठलं."

ओट्यावर एकच गिल्ला झाला. एवढ्या वर्सांनी भाऊ आला अन् पिठलं? कावेराबाईनं हात वर केला, सगळ्या गप्प झाल्या.

"पुरण असंल," ती म्हणाली. "मास्तरीणबाईच्या ध्यानात न्हाई. सकाळपासून डाळ शिजू घातली असंल तिनं. तूप वाढलं असंल. तो नको म्हणला असंल, तरी वाढलं असंल." आणि मग तिनं माझ्या ओट्यावर बसून, माझ्या टीव्हीवरचा, मी एकटीनं पाहिलेला शेवट सगळ्यांना सांगितला. बायका रडल्या. मीही रडले, आणि रडता रडताही मनात आलंच, की मेलीनं इथंही माझ्या हातून नेलं.

जाताना ती मागं वळली. माझ्याकडे नीट बघितलं.

"मास्तरीणबाई, तुमाला सांगता येत न्हाई," ती म्हणाली. "पण सुधरून राहिल्या. येळ द्या."

त्या भाऊबीजेला ती ताम्हण घेऊन अंगणात उभी राहिली तेव्हा वारा होता, म्हणून निरांजनाला आडोसा धरायला मी गेले. अंगावर तिनं जुन्या घडीचं, कधी न नेसलेलं लुगडं नेसलं होतं. घडीच्या रेषा अजून मोडल्या नव्हत्या. घराचं दार सताड उघडं होतं आणि कमिशनरची पिल्लं आत-बाहेर करत होती. मी विचारलं, दार लोटून घेऊ का, वाऱ्यानं आतला दिवा विझेल.

"राहू द्या," ती म्हणाली.