अप्पांच्या बॅगेतलं अळीव

लेकीच्या बाळंतपणासाठी ऑस्ट्रेलियाला निघायच्या आदल्या दिवशी रामलिंगअप्पांनी नांदेडच्या घरात, हॉलमध्येच नाका टाकला. देगलूरकडच्या सीमेवर, तपासणी नाक्यावर त्यांनी तीस वर्षं ट्रक उघडले होते, आणि एवढ्या वर्षांत चोरीचा दाणा त्यांच्या हातून पार झाला नव्हता. ही गोष्ट ज्याला ठाऊक नाही, त्यानं अप्पांच्या घरचा चहा घेतलेला नाही एवढंच समजावं.

"हे अळीव काढ," बायकोच्या बॅगेत कोपरापर्यंत हात घालून अप्पा म्हणाले. "बियाणं न्यायला तिथं बंदी हाय. जावयानं यादी पाठवलीय."

"बियाणं कशाचं? पोरीला लाडू करायचेत. मी काय तिथं पेरून राहिले का?" नीलाबाई फणकारल्या.

"पेरलं की उगवतं ना? मग बियाणंच. कायदा म्हणजे कायदा. तीस वर्षांत मी..."

"हाव, लई ऐकलं ते!"

शेजारची चांदबी निरोप द्यायला आली होती. रडकुंडीला आलेल्या नीलाबाईंना ती आत घेऊन गेली आणि अर्ध्या तासानं दोघी हसत बाहेर आल्या. बायको इतक्या लवकर वळणीवर आली, याचं श्रेय अप्पांनी स्वतःच्या दराऱ्याला दिलं.

मेलबर्नच्या विमानतळावर त्यांनी फॉर्म झोकात भरला. बियाणं आहे? नाही. खाली सही, तीही लपेटेदार. तेवढ्यात एक कुत्रं आलं, नीलाबाईंची बॅग हुंगून पुढं गेलं आणि अप्पांच्या बॅगेपाशी ठाण मांडून बसलं.

"कुत्रं नवीन दिसतंय," अप्पा म्हणाले.

बॅग उघडली. स्वेटरच्या घडीत किलोभर अळीव! तपासणारी पोरगी पंजाबी होती. तिनं विचारलं, "अंकल, ये बैग आपने खुद पैक की है?"

अप्पांनी बायकोकडं पाहिलं. नीलाबाई पुटपुटल्या, "चांदबी म्हणली, साऱ्या जगाच्या बॅगा तपासणाऱ्याची बॅग कोण तपासतंय!"

'माल माझा न्हाई साहेब, कुणीतरी ठेवला,' हे वाक्य अप्पांच्या जिभेवर आलं. नाक्यावर हरेक ड्रायव्हर हेच म्हणायचा, आणि अप्पांनी एकालाही सोडलं नव्हतं. ज्याच्या गाडीत माल, त्याचाच माल! शिवाय खरं सांगावं तर बायको परक्या मुलखात गुन्हेगार ठरणार. तीस वर्षांची इज्जत गेली चुलीत! अप्पांनी छाती पुढं काढली.

"माल मेराच है."

पोरगीला हसू आलं. "चलो अंकल, मान तो लिया. इस बार वॉर्निंग देकर छोड़ देती हूँ."

इथंच मिटलं असतं. पण अप्पांचा पारा चढला. "छोड़ती कायकू? खोटं लिखके दिया मैंने! मेरे नाके पे मैं किसी को नै छोड़ा. पावती फाड़ो!"

"अहो, ती सोडून राहिली, चला की!" नीलाबाईंनी बाही ओढली.

"गप गं! पावतीबिगर मी हलणार न्हाई."

मागं रांग वाढत गेली. शेवटी मोठा साहेब आला. पोरीनं त्याला सगळं समजावलं. त्यानं अप्पांना आपादमस्तक न्याहाळलं, त्यांचा हात हातात घेऊन दाबला आणि मग रीतसर दंड केला.

बाहेर दंडाचा आकडा ऐकून जावई मटकन ट्रॉलीवर बसला. "मामा, अळीव इथं कोपऱ्यावरच्या दुकानात मिळतं!"

आता बायको तोंड सोडणार, म्हणून अप्पा मान खाली घालून उभे राहिले. पण नीलाबाईंनी नांदेडला फोन लावला होता आणि त्यांचा आवाज विमानतळभर घुमत होता.

"अगं चांदबी, पस्तीस वर्षांत साधं लुगडं घ्यायचं तर हा माणूस तीन दुकानं फिरवायचा! आज माझा गुन्हा अंगावर घेतला आन् एवढा पैसा मोजला. हाव गं, माझ्यासाठी! पावतीच हाय माझ्यापाशी. फोटो टाकते, साऱ्या गल्लीला दाखव!"

"फोटो नको" म्हणायला अप्पांनी तोंड उघडलं, तोच त्यांना बायकोचा चेहरा दिसला. इतकी मिरवताना ती त्यांना लग्नातसुद्धा दिसली नव्हती. त्यांनी खिशातला चष्मा काढून तिच्या हाती दिला, म्हणजे फोटो टाकायचं बटण नीट दिसेल.