बनकरमामांचं युवक केंद्र

मुकुंदवाडीत एकदा बनकरमामांनी भर वरातीत नवरदेवाला घोड्यावरून उतरवलं होतं. त्याचा चेहरा पडलेला दिसला, एवढंच कारण. बँड थांबला, वऱ्हाडी खवळले आणि मामा त्याला बाजूला घेऊन हळूच विचारत होते, "घरच्यांनी जबरदस्ती तर नाय ना केली?" पोरगा म्हणाला, बूट लागतायत. मामांनी पायातल्या चपला काढून त्याला दिल्या आणि स्वतः अनवाणी घरी आले. लग्नाच्या सगळ्या फोटोंत नवरदेव सुटात आणि टायरच्या चपलांत उभा आहे.

असा हा माणूस आमच्या वस्तीतलं युवक केंद्र चालवायचा. केंद्र म्हणजे सरकारी अनुदानाची एक खोली, एक कॅरम बोर्ड आणि मामा. टपरीवर रिकामं पोरगं दिसलं की दंडाला धरून आणायचे. "बस, खेळ. हर्सूलच्या जेलात कॅरम नाय." खेळता खेळता त्याला बोलतं करायचे, आणि मग त्याला घेऊन काम लागेपर्यंत कारखान्यांच्या गेटवर उभे राहायचे. वॉचमन लोक मामांना पाहिलं की आधी चहा सांगायचे.

एक दिवस पत्र आलं. सोमवारी सकाळी अकराला साहेब पाहणीला येणार, युवक दिसले नाहीत तर खोली गोदामाला जाणार. मामांच्या तोंडचं पाणी पळालं. अकराला त्यांची सगळी पोरं ड्यूटीवर, आणि त्यांना तिथं चिकटवलं कुणी, तर मामांनीच.

मग त्यांनी आम्हाला गोळा केलं. मी बेचाळीस वर्षांचा, दोन मुलांचा बाप. शेजारचे टेलर रहीमचाचा सत्तरीचे. त्यांच्या दाढीला मामांनी स्वतः कलप लावला, घाईत तो कानालाही लागला. सोमवारी साहेब आले आणि त्यांनी चाचांना वय विचारलं. चाचा सोंगटीवरची नजर न काढता म्हणाले, "पच्चीस." तेवढ्यात त्यांची नात कडेवर तान्हं बाळ घेऊन दारात आली आणि म्हणाली, "दादाजान, खाना ठंडा होरा."

साहेब हसले नाहीत. तुमचे युवक आहेत कुठं, असं त्यांनी मामांना विचारलं.

"कामाला लागले, साहेब," मामा म्हणाले. "काम लागलं की पोरं इकडं येत नाय. येऊबी नये. पण उद्या कुणी नापास व्हईल, कुणी बापाशी भांडून निघंल. त्याला जायाला एक दार पाहिजे का नाय?"

साहेबांना ते पटलं असावं, पण त्यांच्या फॉर्मात दाराचा रकाना नव्हता. आठ दिवसांत खोली गेली. मला त्या फॉर्मचा अजून राग येतो.

दुसऱ्या दिवशी गेलो तर मामा घरातली बाज ओसरीकडं ओढत होते. घर एका खोलीचं, मामी जाऊन बरीच वर्षं झालेली. त्या खोलीत त्यांना कॅरम मांडायचा होता. ऐन थंडीत तुम्ही झोपणार कुठं, म्हणून मी त्यांच्यावर चिडलो.

"ओसरीवर," ते म्हणाले आणि बाज टेकवून जरा थांबले. "लोक म्हणत्यात, मामानं पोरांसाठी केलं. खरं सांगू का? मला घरात येकट्याला करमत नाय. केंद्रात कुणीतरी बोलत बसायचं."

मी बाजेचं दुसरं टोक धरलं आणि आम्ही दोघांनी ती बाहेर काढली.